हे लिहिलं कुणी? पत्रांची साक्ष आणि लेखकत्वाचे वाद

ऑगस्ट २०१९ मधला तो आठवडा कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. शुक्रवार पेठेत माझ्या वडिलांचे एक जुने मित्र राहतात, त्यांना आम्ही काका म्हणतो. पाणी उतरल्यावर त्यांचं घर धुवायला गेलो तेव्हा पलंगाखाली एक पत्र्याची पेटी मिळाली. आत काकांच्या वडिलांना आलेली पत्रं होती, सुतळीनं बांधलेले गठ्ठे, आणि एकेक गठ्ठा भिजून विटेसारखा घट्ट झालेला.

चार दिवस आम्ही ती पत्रं सुटी करत होतो. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरायची, पंखा मंद ठेवायचा, आणि एकेक कार्ड कोपऱ्यातून हलकेच सोडवायचं. पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली. बॉलपेननं लिहिलेली पत्रं चिखलातूनही शाबूत निघत होती, कारण त्या पेनाची शाई तेलकट असते. पण शाईच्या पेनानं लिहिलेल्या कार्डांवर फक्त निळा ओघळ उरला होता. तो रंग पाण्यातच कालवलेला, तो पाण्याबरोबर गेला. त्यातल्या त्यात गठ्ठ्याच्या मधली कार्डं वाचली. त्यांना पाणी कडेकडेनंच लागलं होतं.

त्या मधल्या कार्डांपैकी एकावर आमचा सगळा जीव अडकला. कारण काकांच्या घरात एक जुनं दुखणं आहे. त्यांच्या तालमीच्या गणपतीपुढं तीन कडव्यांचं एक पद पन्नास वर्षांहून जास्त काळ म्हटलं जातं. काकांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि काकांच्या मते ते पद त्यांनीच रचलं. पुढं एका वर्षी तालमीनं छोटी पुस्तिका छापली, तीत पदाखाली नाव आलं ते वडिलांच्या एका शिक्षक-मित्राचं. मास्तर म्हणूनच सगळे त्यांना ओळखायचे. तेव्हापासून काका आरतीला जात नाहीत आणि मास्तरांच्या घराशी बोलत नाहीत. दोन्ही मित्र केव्हाच गेलेत.

“तू कॉलेजात मराठी शिकवतोस न्हवं?” काका म्हणाले. “मग सांग बघू, हे लिवलं कुणी?”

हा प्रश्न तीन कडव्यांच्या पदाला विचारा नाही तर जगातल्या थोर ग्रंथाला, त्याचं उत्तर शोधायच्या वाटा त्याच आहेत. त्या काकांना समजावून सांगताना माझ्याही डोक्यात स्वच्छ झाल्या, म्हणून इथं लिहितो आहे.

पहिली गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटते: खाली नाव आहे म्हणजे लेखक सापडला, असं होत नाही. आपल्या मराठीइतकं हे दुसरीकडं क्वचितच ठळक दिसेल. आपल्या संतकवितेत नाव कवितेच्या आतच असतं. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. याला नाममुद्रा म्हणतात. पण मुद्रा कोणीही उमटवू शकतो. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. त्या मिसळणाऱ्यांत फसवायचा हेतू बहुधा नव्हता. नाव दोघांचंही नामाच, गाणारे तेच, वह्या त्याच. तुकोबांना मात्र हा त्रास जिवंतपणीच झाला. सालोमालो नावाचा कोणी त्यांच्या अभंगांत मोडतोड करून ते आपले म्हणून मिरवायचा, आणि तुकोबांनी त्याचं नाव घेऊन अभंगातच त्याला फटकारलं आहे. ज्ञानेश्वरीत लोक आपल्या ओव्या घुसडत होते म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला आणि बजावलं की इथं आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणं. ताकीद द्यावी लागली, यावरूनच प्रकार किती चालायचा ते कळतं.

आज तेच मोबाइलवर चालतं. कुणीतरी चार हळव्या ओळी लिहितो, खाली ‘पु. ल. देशपांडे’ किंवा ‘व. पु. काळे’ टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या गावभर होतात. माझे विद्यार्थी मला विचारतात, सर, हे पुलंचंच ना? मी त्यांना एकच विचारतो: कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर? ज्यांनी आयुष्यभर शब्द तोलून लिहिला त्यांच्या तोंडी भलतंच काही घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि ज्या बिचाऱ्यानं ते खरंच लिहिलं त्याच्यावरही.

तर नावावर विसंबता येत नाही. मग मजकुराची भाषा बघायची का? बघायची, पण जपून. मराठीतला सगळ्यात गाजलेला लेखकत्वाचा वाद यावरच झाला. १८९८च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावानं ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून मांडलं की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नव्हते. ज्ञानेश्वरी आहे शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. तिची भाषा जुनी, गुंतागुंतीची. अभंगांची भाषा कितीतरी सोपी, जवळपास आपली वाटावी अशी. अभंग विठ्ठलानं भरलेले, ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती दिसत नाही. आणि समाधीही दोन ठिकाणी सांगतात, आळंदीला आणि आपेगावला.

वारकऱ्यांना हे किती लागलं असेल ते सांगायला नको. पण उत्तर रागानं नाही, युक्तिवादानं दिलं गेलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. ज्ञानेश्वरी पोथीत राहिली, नकलणाऱ्यानं अक्षर बघून अक्षर उतरवलं. अभंग राहिले तोंडात. सातशे वर्षं टाळ-मृदंगाच्या तालावर ज्या ओळी लाखो लोक म्हणतात, त्यांतला अवघड शब्द हळूहळू झिजतो आणि त्या जागी म्हणणाऱ्याचा रोजचा शब्द येऊन बसतो. म्हणजे भाषा नवी दिसते ती कवी नवा म्हणून नव्हे, गळे नवे म्हणून. शिवाय गीतेवर भाष्य करणारा माणूस आणि देवापुढं गाणारा माणूस एकच असला तरी दोन्हीकडं सारखाच बोलेल असं नाही. आज बहुतेक अभ्यासक एकच ज्ञानदेव मानतात. मलाही ते पटतं, पण भारद्यांचे लेख वाया गेले असं मी म्हणणार नाही. त्या प्रश्नामुळंच अभंगांच्या पाठाकडं लोक बारकाईनं बघायला लागले.

आणि इथंच पत्र येतं. आपल्या परंपरेतला सगळ्यात प्रसिद्ध पत्रव्यवहार या ज्ञानदेवांचाच आहे. चांगदेवांनी पत्र लिहायला घेतलं, पण वयानं लहान नि ज्ञानानं मोठा अशा या मुलाला तीर्थरूप लिहावं की चिरंजीव, हे ठरेना. म्हणून कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. उत्तरादाखल ६५ ओव्या गेल्या, ती चांगदेव पासष्टी. तिची सुरुवात ‘स्वस्ति’नं होते, जुन्या रीतीच्या पत्राची होते तशी. शेवटाकडं चांगदेवांना नावानं हाक आहे, गुरू निवृत्तिनाथांचं नाव आहे. कथेतला कोरा कागद खरा की नाही यावर वाद घालता येईल, पण ही रचना एका माणसानं दुसऱ्या माणसाला उद्देशून केली, हे तिच्या ओव्यांतूनच दिसतं.

पत्राचं मोल कशात आहे हे मी काकांना असं सांगितलं: पत्र हा असा साक्षीदार आहे ज्याला आपण साक्ष देतोय हेच माहीत नसतं. वाद सुरू झाल्यावर जो बोलतो तो कुणाच्या तरी बाजूनं बोलतो. पण वादाच्या आधी, भलत्याच कामासाठी, भलत्याच माणसाला लिहिलेल्या पत्रात जाता जाता एखादं वाक्य येतं, त्यात खोटं बोलायचं कारणच नसतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. हार्पर ली आणि ट्रुमन कपोटी हे अलाबामातल्या मनरोव्हिल नावाच्या लहान गावात शेजारी-शेजारी वाढले. दोघंही लेखक झाले. कपोटी लवकर गाजला. लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली आली, दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि त्यानंतर बाई गप्प झाल्या. वर्षं गेली, दुसरी कादंबरी येईना. मग कुजबुज सुरू झाली: एवढं चांगलं पुस्तक लिहिणारी पुन्हा लिहीत कशी नाही? हे कपोटीनंच लिहून दिलं असणार. संशयाला खतपाणीही होतं. कादंबरीतलं डिल नावाचं पोर लहानपणच्या कपोटीवर बेतलेलं आहे, आणि कपोटीच्या कॅन्ससमधल्या खुनावरच्या पुस्तकासाठी ली स्वतः त्याच्याबरोबर तिकडं जाऊन मुलाखती घेत हिंडली होती. दोघांचं लिहिणं एकमेकांत गुंतलेलं होतं हे खरंच.

या सगळ्याच्या आधीचं, ९ जुलै १९५९ चं एक पत्र पुढं उजेडात आलं. ते कपोटीनं आपल्या मावशीला लिहिलेलं. मावशी गावाकडं राहणारी. नेलचं (घरात तिला नेल म्हणत) पुस्तक येतंय हे खरं का, असं तिनं विचारलं असावं. कपोटी कळवतो, हो, खरं आहे. आदल्या साली तिनं लिहून झालेला भाग मला दाखवला होता, मला फार आवडला, तिच्यात खरी प्रतिभा आहे. बस, एवढंच.

आता हे पत्र एवढं वजनदार का? तारीख बघा: पुस्तक छापून यायला अजून वर्ष होतं, कुजबुजीचा मागमूस नव्हता. कुणाला लिहिलं ते बघा: घरच्या माणसाला, जिच्यापुढं मोठेपणा मिरवायचा तर ‘मीच लिहून देतोय’ म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. आणि लिहिणाऱ्याचा स्वार्थ बघा: कपोटी स्वतःचं श्रेय सोडणारा माणूस म्हणून कधीच ओळखला गेला नाही, तरी त्यानं इथं श्रेय दुसऱ्याला दिलं आहे. माणूस स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलतो तेव्हा त्याचं जास्त ऐकावं, हा कोर्टातला नियम इथंही चालतो. लीची दुसरी कादंबरी २०१५ साली आली तेव्हा पोलंडच्या दोन अभ्यासकांनी संगणकावर शब्द मोजूनही पाहिले. निकाल लीच्याच बाजूनं लागला.

पण पत्रच मिळालं नाही तर? शेक्सपिअरबद्दल नेमकं तेच झालंय. त्याच्या हातचं एकही पत्र आज शिल्लक नाही. त्याला लिहिलेलं एकच आहे: २५ ऑक्टोबर १५९८ रोजी रिचर्ड क्विनी नावाच्या गाववाल्यानं ३० पौंड उसने मागितले, ते. आणि तेही क्विनीच्याच कागदांत सापडलं, म्हणजे बहुधा धाडलंच गेलं नाही. एवढा मोठा नाटककार आणि त्याची पत्रं कशी नाहीत, यावर एकोणिसाव्या शतकापासून लोक इमले बांधत आलेत की नाटकं दुसऱ्याच कुणीतरी लिहिली. कुणी बेकनचं नाव घेतं, कुणी ऑक्सफर्डच्या उमरावाचं. हा उमराव १६०४ साली वारला आणि शेक्सपिअरची कितीतरी नाटकं त्यानंतरची मानली जातात, हे त्यांना आडवं येत नाही. मला हा सगळा खटाटोप एका साध्या चुकीवर उभा वाटतो. माणसानं लिहिलेली पत्रं त्याच्या घरात नसतात. ती ज्याला लिहिली त्याच्या घरात असतात, आणि त्या घरी कुणी जपली नाहीत तर संपली. सोळाव्या शतकातल्या गावातल्या शेजाऱ्यांनी नाटकवाल्याची पत्रं जपून ठेवावीत तरी का? पत्र नाही याचा अर्थ फक्त पत्र राहिलं नाही एवढाच.

हे बोलताना मी मधेच थांबलो होतो, कारण काकांच्या पेटीचं काहीतरी त्यात होतं. ते पुढं सांगतो.

अक्षर बघून निकाल देता येतो असं पुष्कळांना वाटतं. हस्ताक्षरावरून हात कळतो, डोकं कळत नाही. आपल्याकडं मोडी पत्रांत मजकूर कारकून लिहायचा, आणि ज्याचं पत्र तो शेवटी स्वहस्ते दोन-चार शब्द घालायचा किंवा मोर्तब उमटवायचा. तेव्हाच्या भाषेत लेखक म्हणजे लिहून देणारा. आपल्या जिल्ह्यातलंच घ्या. कोल्हापूर गादीच्या संभाजीराजांच्या नावानं १७१५ साली निघालेलं, राज्यकारभार कसा करावा हे सांगणारं आज्ञापत्र राजाच्या तोंडून बोलतं, पण ते लिहिलं म्हणून आपण नाव घेतो गगनबावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांचं. आणि अगदी अलीकडचं म्हणजे वि. स. खांडेकर. १९३८ मध्ये ते कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. उतारवयात दृष्टी गेल्यावर ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. त्या काळातलं एखादं पत्र कुणाच्या घरी निघालं आणि अक्षर खांडेकरांचं नाही म्हणून पत्रच खोटं ठरवलं, तर केवढी मोठी चूक होईल!

मग डोक्याची खूण कुठं सापडते? अभ्यासक म्हणतात, सगळ्यात क्षुल्लक शब्दांत. मोठे, नटवे शब्द कुणालाही उचलता येतात. पण ‘आणि’ लिहायचं की ‘व’, ‘पण’ की ‘परंतु’, ‘म्हणून’ की ‘सबब’, हे माणूस विचार करून ठरवत नाही. हात आपोआप जातो. चालणारा जसा पाऊल टाकायचा विचार करत नाही, पण त्याच्या चालीवरून घरचे लोक अंधारातही त्याला ओळखतात, तसं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावानं ८५ निबंध निघाले. लिहिणारे तिघं: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. पुढं हॅमिल्टन आणि मॅडिसन यांच्या याद्या जुळेनात. १२ निबंधांवर दोघांचाही दावा होता. १९६४ साली मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी साधे शब्द मोजले. ‘वर’ या अर्थाचा ‘अपॉन’ हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे तीन वेळा वापरतो, मॅडिसन क्वचितच. वादातले निबंध सगळे मॅडिसनच्या बाजूला झुकले. दीडशे वर्षांच्या वादाचं पारडं ‘अपॉन’सारख्या चिमुकल्या शब्दांनी खाली आणलं.

मराठीत हे तसंच्या तसं चालत नाही, आणि ही गोष्ट मला फार कमी ठिकाणी सांगितलेली दिसते. आपले कितीतरी छोटे शब्द सुटे नसतातच. ‘घरावर’, ‘माणसासाठी’, ‘तिच्याबद्दल’, असे मागच्या शब्दाला चिकटून येतात. ते आधी सोडवावे लागतात, मग मोजायचे. दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ साली नवे नियम आले आणि ‘घरांत’, ‘केलें’ यांवरचे जुने अनुस्वार गेले. त्यानंतरच्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी जुन्या लेखकांचेही अनुस्वार काढले. अशा आवृत्तीवरून वर्णलेखनाच्या सवयी मोजायला बसलात तर तुम्ही लेखक मोजत नाही, मुद्रितशोधक मोजता. आणि तिसरी अडचण: लेखक बदलतो. राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव ज्युलियन यांनी आधी कवितेत फारसी शब्दांची लयलूट केली, मग भाषाशुद्धीचा ध्यास घेतला आणि आपल्याच जुन्या कवितांतले ते शब्द बदलले. ते कोल्हापुरात वावरले, त्यांना ओळखणारी माणसं होती, म्हणून आपल्याला ठाऊक आहे की तो एकच कवी. नुसते फारसी शब्द मोजणाऱ्यानं त्यांचे दोन कवी केले असते. भारद्यांचं ज्ञानदेवांच्या बाबतीत झालं ते बरंचसं असंच.

शिवाय मोजायला मजकूर भरपूर लागतो. तीन कडव्यांत काय मोजणार?

काकांचा प्रश्न त्यामुळं पुन्हा त्या कार्डावर आला. पण कार्ड बघायच्या आधी त्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ‘लिहिलं कुणी’ या प्रश्नाला कधीकधी एक नाव पुरत नाही. रेमंड कार्व्हर हा अमेरिकन कथाकार मोजकं, हाडापर्यंत उतरलेलं लिहिण्यासाठी नावाजला गेला. त्याचा १९८१चा गाजलेला संग्रह संपादक गॉर्डन लिशनं इतका छाटला होता की मूळ मजकुराचा अर्ध्याहून जास्त भाग गेला. ८ जुलै १९८० रोजी कार्व्हरनं लिशला लांबलचक पत्र लिहून अक्षरशः विनवलं की छपाई थांबव. दारू सोडून तो नुकता कुठं उभा राहिला होता, आणि त्या कथा त्याच्या बरं होण्याशी जोडलेल्या होत्या. संग्रह तरीही निघाला. कार्व्हर १९८८ साली गेला. मूळ हस्तलिखित २००९ मध्ये छापलं गेलं, आणि ते पत्रही लोकांनी वाचलं. ज्या शैलीसाठी कार्व्हरला डोक्यावर घेतलं ती कुणाची? मी दोन्ही पाठ वाचलेत. छाटलेल्या कथा धारदार आहेत, न छाटलेल्या उबदार. माणसं कार्व्हरची, शांतता लिशची, असं मला वाटतं. पण ते पत्र वाचल्यावर पहिल्या पाठाकडं पूर्वीसारखं बघता येत नाही.

आता आमचं कार्ड.

पत्त्याच्या बाजूला गडहिंग्लजचा शिक्का, ‘ऑगस्ट ६७’ स्पष्ट. पद पहिल्यांदा म्हटलं गेलं ते त्याच वर्षीच्या गणपतीत, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. म्हणजे कार्ड वादाच्या कितीतरी आधीचं. लिहिणारे मास्तर, त्यांची तेव्हा तिकडं बदली झाली होती. वर ‘श्री’, मग ‘सा. न. वि. वि.’, मग खोली मिळत नाही, मुलाला ताप आहे, आणि तीस रुपये दसऱ्यानंतर परत करतो. पदाचं नाव नाही. ते येतं शेवटी ता. क. मध्ये, जागा संपत आल्यामुळं बारीक अक्षरात: पहिली दोन, मग एक निळा डाग, मग ‘तशीच ठेवा, तिसऱ्याला ताल ओढावा लागत होता म्हणून नवे लिहून पाठवतो, जमते का पहा’.

डागाखाली एकच शब्द आहे. तो ‘माझी’ असेल तर सगळं पद मास्तरांचं. ‘तुमची’ असेल तर दोन कडवी काकांच्या वडिलांची आणि तिसरं मास्तरांचं. पुरानं नेमका तोच शब्द नेला.

आमच्या ओळखीच्या एका दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. काही शाया डोळ्यांना दिसेनाशा झाल्या तरी अशा प्रकाशात त्यांची सावली दिसते. दुकान बंद झाल्यावर शटर ओढून आम्ही कार्ड त्याखाली धरलं. शेवटची वेलांटी दिसली, पण ती दोन्ही शब्दांत आहे. मला सुरुवातीच्या अक्षराखाली एक हुक दिसला, उकारासारखा. ‘तु’चा उकार. जागाही दोनपेक्षा तीन अक्षरांची वाटली.

पण मी काकांच्या घरी जेवून मोठा झालोय. मला उकार दिसावा अशी माझी इच्छा होती, हे मला तिथंच जाणवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी कार्डाचा फोटो माझ्या एका विद्यार्थिनीला दिला, वादाबद्दल एक अवाक्षर न सांगता, आणि विचारलं की डागाखाली काय दिसतं ते लिही. तिनं लिहिलं: “पहिल्या अक्षराच्या खाली वळण आहे. उकार असू शकतो, पाण्याची कड असू शकते. शेवटी ची किंवा झी.” ‘तुमची’कडं पारडं झुकतं, पण मी शपथ घेणार नाही, असं मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ कार्डाकडं बघत बसले.

मग मी त्यांना शेक्सपिअरचं पुन्हा सांगितलं. तुमच्या वडिलांनी मास्तरांना लिहिलेली पत्रं या पेटीत नाहीत, असणारच नाहीत. ती मास्तरांच्या घरी असतील. या कार्डाला तुमच्या वडिलांनी काय उत्तर दिलं, ते त्या घरात आहे.

वीस वर्षांत ज्या घराशी बोलणं नाही तिथं फोन मीच केला. मास्तरांच्या सूनबाईंनी उचलला. आधी त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, सासऱ्यांच्या कागदांची एक पिशवी माळ्यावर आहे, पुराचं पाणी तिथवर आलं नव्हतं, पण कुणी उघडलेली नाही. दिवाळीची साफसफाई काढली की कळवते. परवा त्यांचा निरोप आला. गठ्ठा आहे, वरच्या कार्डावर प्रेषक म्हणून तुमच्या काकांच्या वडिलांचं नाव आहे, आणि अक्षर अगदी छापल्यासारखं आहे. रविवारी या म्हणाल्या.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, डब्यात नीट बटरपेपरमध्ये ठेवलेलं ते कार्ड बाहेर काढलं आणि म्हणाले, “ह्ये बी घिऊन जाऊया. त्यास्नी त्येंच्या माणसाचं अक्षर बघू दे. मी येतो संगट.”